पाच बाजारांच्या सायकली

वागिनेमनं पाचवी सायकल अंगणात आणून भिंतीला टेकवली, पानांवर चढू बघणारी कोंबडी बांबूच्या काठीनं हाकलली आणि गुडघा धरून ओट्यावर बसली.

"झाल्या एकदाच्या," ती म्हणाली. "गियातनो आला की जाऊ देत सगळ्या."

शेजारची तुमिना केळीची पानं पुसत होती. उद्या वर्षाची कंदुरी, गेलेल्याच्या नावानं जेवण. वागिनेमच्या नवऱ्याला, कार्सोनोला, जाऊन उद्या वर्ष होणार होतं.

"नंतर रडलीस तर मला हाक मारू नकोस."

"लोखंडासाठी कोण रडतंय?"

कार्सोनोचा श्वास पुरत नव्हता तेव्हाही तो सायकलींबद्दलच बोलला होता. "वर्षभर विकू नकोस. ज्या बाजाराची जी सायकल, ती त्या दिवशी ने. तूच ने. मग काय ते कर." पुढे आपल्यासाठी एखादा शब्द येईल म्हणून वागिनेम कान लावून बसली होती. तो आलाच नाही.

मग तिनं नेल्या. जावाच्या पाच वारांच्या आठवड्यात रोज एका गावाचा बाजार, मागे केळीच्या पानात बांधलेल्या तेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, टोपल्या. लेगीच्या वारी हिरवी, तिची साखळी पुलावरच पडायची. पाहिंगला काळी, म्हशीसारखी जड. पॉनच्या बाजाराच्या चढावर उतरून ढकलावं लागे. क्लिवॉनचीला घंटी होती, पण ती वाजायची खड्ड्यातच. वागे हा तर तिचा जन्मवार, त्यावरूनच तिचं नाव. त्या दिवशीची सायकल तेवढी लोण्यासारखी चालायची. पाऊस झाला, ऊन झालं, रोज्यांचा महिना झाला. एकसष्टाव्या वर्षी तिच्या पोटऱ्या पोरीसारख्या टणक झाल्या आणि गुडघे आजीसारखे कुरकुरायला लागले.

"मिळाली का गं ती?" तुमिनानं विचारलं.

"कोण?"

"आता माझ्यापाशी नको सोंग. पाच बाजार, पाच सायकली, आणि एकीलाही मधला दांडा नाही. सगळ्या बायकांच्या! मी तुला तेव्हाच म्हटलं होतं."

"लुंगीवर दांड्यावरून पाय टाकता येत नाही म्हणायचे."

"हो ना. आणि बसायचे कसे? नाकतोड्यासारखे, गुडघे हनुवटीला."

दोघी हसल्या. वागिनेम आधी थांबली.

ती खरं तर त्यासाठीच गेली होती वर्षभर. सायकल ओळखून कुणीतरी पुढे येईल, कुणाचा तरी चेहरा पडेल. प्रत्येक बाजारात बायका त्याला आदरानं 'पाक' म्हणत विचारायच्या, "पाक कार्सोनो दिसत नाहीत?" आणि ती प्रत्येकीच्या डोळ्यांत बघायची. क्लिवॉनच्या बाजारातली कॉफीवाली तर ऐकून रडलीच. वागिनेम दोन महिने तिच्यावर नजर ठेवून होती. शेवटी कळलं, तिचा मुलगा त्याच आठवड्यात गेला होता. मग वागिनेमनंच तिला तेंपे नेऊन दिलं.

सायकलीवर बसणं तिला नवीन नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी ती कालव्याच्या कडेनं येताना पडली होती, पाचव्या महिन्यात. त्यानंतर तिनं हँडलला हात लावला नाही. तीन वर्षांनी कार्सोनोनं पहिली सायकल आणून दारात उभी केली तेव्हा ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. ज्या वस्तूनं पोर नेलं, तीच घरात! तोही काही बोलला नाही. दर पाचसहा वर्षांनी मात्र एक आणत राहिला, आणि तेंपे घेऊन बाजाराला जात राहिला.

तो गेल्यावर, पहिल्या दिवशी, तुमिना पाना घेऊन आली होती, सीट खाली घ्यायला. पान्याचं काही कामच पडलं नाही. वागिनेम रडत रडतच चढली आणि गेली.

गियातनो आला तो छोटा ट्रक घेऊन. उंच, वाकलेला, नखांत कायमचं ग्रीस. आजूबाजूच्या तीन तालुक्यांतल्या जुन्या सायकली त्याच्याच हाताखालून गेलेल्या.

"चांगल्या ठेवल्यात, बू." आईला म्हणावं तसा तो तिला 'बू' म्हणे. त्यानं चाकं फिरवून पाहिली, मग काळीवर बसला. त्याचे गुडघे हनुवटीला आले.

तुमिना फिसकन हसली. "अगदी पाक कार्सोनो!"

"माझंच काम आणि मलाच बसता येईना," तोही हसला.

"तुझं काय काम?" वागिनेमनं विचारलं.

"सीटच्या नळ्या मीच कापून आखूड केल्यात ना. पाचही. हँडलं मागे वळवून दिली. बाईच्या मापाच्या आहेत या, बू. आता गिऱ्हाईकही तेवढंच शोधायला हवं."

तुमिनाचा पान पुसणारा हात थांबला.

वर्षभर जे शोधलं ते आपल्या पायांनी अंगणात आलं होतं, आणि वागिनेमला धड रागही येईना. इतकी ती दमली होती.

"कोण ती?"

गियातनो गडबडला. "मला... मला नाही ठाऊक. मी कधी पाहिली नाही, बू. दर वेळी म्हणायचो, पाक, एकदा त्यांना घेऊन या, बसवून माप घेऊ. तर म्हणायचे, ती यायची नाही. काठीच आणायचे. जमिनीपासून कमरेपर्यंत, खाच केलेली." त्याची नजर ओट्याकडे गेली. "ही काय. हीच."

कोंबड्या हाकलायची काठी.

तुमिनानं ती झटक्यात उचलली. "बघू तरी, केवढी होती भवानी!" तिनं काठी जमिनीवर टेकवून स्वतःला लावली. खाच मांडीपाशीच राहिली. "ठेंगणी दिसते."

"दे इकडे," वागिनेम म्हणाली.

गुडघ्यावर हात देऊन ती उठली. ओट्याखाली उतरली. काठी पायाशी टेकवून सरळ उभी केली, आणि खाच तिच्या कमरपट्ट्याच्या गाठीला येऊन भिडली.