उजेडाचा पत्रा

बर्फाचा गोळा अंगणात मांडलेल्या नमुन्याच्या कौलावर आदळला आणि कौलाचे तुकडे अंगणभर उडाले.

"झालं समाधान?" मिस्त्री म्हणाला.

शिडीवर उभ्या असलेल्या मावशींचं समाधान झालं नव्हतं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. साधं कापडसुद्धा मुठीत चुरगाळून बघितल्याशिवाय त्यांनी कधी घेतलं नाही, मग छपराचा पत्रा काय मिस्त्रीच्या जिभेवर विश्वास ठेवून घेणार होत्या! गारांचा मारा कोण सोसतो ते बघायला फुग्यांत पाणी भरून त्यांनी फ्रीजमध्ये लिंबाएवढे गोळे गोठवले होते. फुगे घेताना दुकानदाराने विचारलंही होतं, कोणाचा वाढदिवस म्हणून. "छपराचा," असं सांगून त्या चालू लागल्या होत्या.

दुसऱ्या गोळ्याने सिमेंटच्या पत्र्याला चीर गेली. जाड लोखंडी पत्र्याला मात्र नुसता पोचा आला.

"हाच बसवा," मावशी खाली उतरत म्हणाल्या.

मिस्त्रीने आत जाऊन वर बघितलं. शिवणयंत्राच्या बरोबर वर, छपरात पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ पत्रा होता. खोलीतला सगळा उजेड तिथूनच यायचा. बाकीच्या छपराने गारांचे नुसते पोचे सोसले होते. दरवर्षी फुटायचा तो हा एवढाच.

"इथं लोखंडी घातला की अंधार गुडूप. सुईत दोरा कसा ओवणार?"

"दिवा लावीन. तुम्ही बसवा."

हा पत्रा फुटला की मुलगा यायचा. वर्षातून तेवढाच. गारांची बातमी कळली की त्याचा फोन वाजायचा. "फुटला का?" "फुटला." "येतो." संपला फोन. रात्रभर प्रवास करून यायचा, वर चढायचा, पुन्हा तसलाच पातळ पत्रा बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या भाड्याच्या खोलीवर परत. तिथेही त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. "पाना दे", "स्क्रू दे", एवढीच काय ती मायलेकांची बातचीत. बापासारखाच तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. मावशीही कमी नव्हत्या. एरवीही ये, असं म्हणावं हे हजारदा ओठांवर यायचं. पण बोलवायला तो काय पाहुणा आहे, असं स्वतःलाच ऐकवून त्या गप्प बसायच्या. आणि घर खायला उठायचं. गारा तडतडल्या की आख्खी आळी काळजीत पडायची आणि मावशी मनातून खूश व्हायच्या. लाज वाटायची त्यांना, पण व्हायच्या.

मागच्या खेपेला तो शिडीवरून उतरला आणि गुडघा धरून खालीच बसला. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेले त्यांना दिसले. आपल्या वीतभर उजेडापायी पोराचे हाल कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं. असा पत्रा घालायचा, की त्याला पुन्हा यायलाच नको. ठरवलं, पोटभर रडल्या, आणि मग फुगे आणायला गेल्या.

मिस्त्री माप घ्यायला पोटमाळ्यावर चढला. बराच वेळ त्याचं नुसतं खोकणं ऐकू येत होतं.

"मावशी, माझी थट्टा करताय का?"

त्याने पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली सरकवलं. धुळीने माखलेला पत्राच होता तो. पारदर्शकच, पण चांगला जाडजूड.

"यावर गारा काय, दगड मारा. आणि माप बघा, बरोब्बर इथलंच. स्क्रूची भोकंसुद्धा पाडून ठेवलीत. हा घरात असताना दरवर्षी तो कागद कशाला चिकटवत होतात?"

मावशींनी कडेची धूळ हाताने पुसली. खाली गुलाबी रेघा होत्या. त्यांच्या कापडावर खुणा करायच्या खडूच्या. तो खडू सापडेना म्हणून त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा तेव्हा पत्रा बसवायलाच आला होता. "मला काय माहीत," असं म्हणून तो हात धुवायला निघून गेला होता.

उरलेला शेवटचा गोळा त्यांनी उचलला आणि सगळा जोर लावून त्या पत्र्यावर आपटला. गोळ्याचा चुरा झाला. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

म्हणजे तोही वर्षभर गारांचीच वाट बघत होता.

"आता लोखंडी नको ना?" मिस्त्रीने विचारलं. "हाच बसवतो. मुलाला कळवून टाका, आता निवांत राहा म्हणावं."

मावशींनी फोन घेतला. आपणहून त्यांनी त्याला कधी फोन केला नव्हता. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्याने उचलला.

"फुटला का?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. गारांचे दिवस अजून लांब होते.

"नाही फुटला."

"मग?"

"आता फुटणारही नाही. तू माळ्यावर ठेवलेला बसवतेय."

पत्र्यावरच्या गुलाबी रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तरी ये," आई म्हणाली.