मध्यंतरापर्यंत

“युद्धपट पहिला, म्हातारा गवई दुसरा आणि ती शाळकरी पोरगी तिसरी,” समीक्षक म्हणाले. “लिही.”

बायको संगणकापुढे बसली होती. लग्न झाल्यापासून त्यांचा मजकूर तीच टाइप करायची. तिचे हात हलले नाहीत.

उद्याच्या पुरवणीत पुरस्कारांचे अंदाज छापून येणार होते. समीक्षक ज्याला पहिला नंबर देत, तो सिनेमा सगळे परीक्षक झाडून बघायचे, आणि त्यांच्यामागून अख्खं शहर. शाळकरी पोरीचा सिनेमा शुक्रवारी थिएटरातून उतरणार होता. तो उतरू नये, एवढंच बायकोला हवं होतं.

“काय झालं?” त्यांचा आवाज बारीक झाला. तो बारीक झाला की ती शब्द मोजून बोलायची.

ती बालवाडीत शिकवायची. हट्टी मुलाला उत्तर सांगायचं नसतं, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

“काही नाही हो. दुसऱ्या पेपरवाल्यांनीही अगदी हाच क्रम लावलाय, म्हणून थांबले.”

समीक्षक येरझाऱ्या घालू लागले. “त्या गाढवांच्या रांगेत मी उभा राहू?”

“मग गवयाला द्या.”

“गवई फार रडतो. परीक्षकांना रडणारे आवडतात, पण इतके नाही.” ते थांबले. “पोरगी मात्र गुणी आहे. शाळा, इस्पितळ, आजारी बाप. कुठे आरडाओरडा नाही. दिग्दर्शिका नवीन, कोण कुठली कुणाला ठाऊक नाही. तिला मी वर काढली, असं लोक म्हणतील.”

“म्हणतील की.”

“पण शेवट फसला असेल तर?”

समीक्षक कुठल्याही सिनेमाला मध्यंतरातच उठायचे. जाणत्याला अर्ध्यात सगळं कळतं, असं ते चारचौघांत मिरवायचे.

“संध्याकाळच्या खेळाला जाऊन उरलेला बघून येतो,” ते म्हणाले.

“या की. मी संपादकांना कळवते, हल्ली तुम्हालाही पूर्ण बघावा लागतो म्हणून.”

ते तिच्या खुर्चीमागे आले. त्यांचा हात तिच्या मानेवर टेकला, आणि तिथेच राहिला.

“पहिलीसुद्धा अशीच बोलायची,” ते हलकेच म्हणाले.

त्यांची पहिली बायको अपघातात गेली होती. घरात तिचा विषय निघत नसे.

ती मान न हलवता पडद्याकडे बघत राहिली.

“लिही,” शेवटी ते म्हणाले. “पोरगी पहिली. आणि ठासून लिही, हा सिनेमा प्रत्येकाने बघायलाच हवा.”

तिने लिहिलं. पाठवलं. पोहोचल्याचं उत्तर आलं, तेव्हा कुठे ती खुर्चीतून उठली.

“दूध संपलंय, घेऊन येते,” म्हणत तिने पर्स उचलली.

“लवकर ये.”

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला. सिनेमात मध्यंतरानंतर याच जिन्यावरून समीक्षक आपल्या पहिल्या बायकोला ढकलतात, आणि खालच्या बिऱ्हाडातली शाळकरी पोरगी दाराच्या फटीतून ते बघते.