कुरणात अनवाणी

"डोळे आहेत ना तुला, ओस्नी?" बोलेस्लाऊनं कुंपणाच्या तारेवर काठी आपटली. "माझं गवत गुडघ्याला लागतंय. सूनबाईंचं पोटरीवरच अडलंय. चल, घाल तिच्या भागात नांगर."

ओस्नी ट्रॅक्टरवर बसूनच येर्बाचा कडू चहा नळीनं ओढत होता. त्याला काय, कुठला तरी अर्धा भाग नांगरायचा होता. तारेपलीकडे जासिरा मक्याची रिकामी बादली धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

ठरल्यासारखंच चाललं होतं सगळं. कुरणाच्या मधोमध तार, दोघांच्या वीस-वीस मेंढ्या, आणि ईस्टर आला, इकडची थंडी तोंडावर आली, की ज्याचं गवत हलकं ठरेल त्याच्या भागात गहू. म्हाताऱ्यानं आपल्या रिवाजाप्रमाणं कोकरं दोन महिन्यांची होताच दुधावरून तोडली, आयांना ओढ्यापार हाकललं आणि पिल्लांना एकटीच कुरणात सोडलं. तेवढीच तोंडं कमी, असा त्याचा हिशेब. जासिरानं पिल्लं आयांपाशीच ठेवली, वर मका चारला. मक्याच्या खोपटाला फळ्या अशा ठोकल्या, की कोकरू आत जाईल आणि आई बाहेर बोंबलत राहील. "दूधही आणि मकाही? आता गळ्यात रुमाल बांध त्यांच्या!" म्हणून अख्खी वस्ती हसली होती. हरली तर तिच्या मेंढ्या विकल्या जाणार होत्या, आणि तिला परत कोंबड्यांच्या कारखान्यात, त्या गारठलेल्या खोलीत दिवसभर तंगड्या कापत उभं राहायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बूट काढा."

"काय?"

"बूट काढा, मोजेसुद्धा. आधी तुमच्या गवतात चाला, मग माझ्या."

"मी काय नदीवर पोहायला आलोय?"

"का हो? स्वतःच्याच गवताला घाबरता?"

ओस्नी फिस्सकन हसला. म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. त्यानं बूट ओढून काढले, तिथंच टाकले आणि तरातरा निघाला.

चौथ्याच पावलाला तो कळवळला. लांबून हिरवं दिसणारं ते नुसतं देठांचं रान होतं. भुकेल्या कोकरांनी पान न् पान खुडून खाल्लं होतं, उरल्या होत्या टणक काड्या, आणि मधूनमधून तापलेली लाल माती. म्हातारा आजोबांच्या पोलिश शिव्या घालत राहिला, पण अर्ध्यातून परतला नाही. हट्टी माणूस! पार टोकापर्यंत जाऊन आला.

मग तारेखालून वाकून तो सुनेच्या बाजूला आला. पहिलं पाऊल टाकलं आणि शिव्या थांबल्या. पाय पोटरीपर्यंत मऊ पानांत बुडाला होता. खालची माती ओलसर, गार. एक गुबगुबीत कोकरू आलं, त्याचा अंगठा हुंगून निघून गेलं.

"देठ आया खातात, बाबा," जासिरा म्हणाली. "पिल्लांचं पोट दुधानं न् मक्यानंच भरतं. गवताला ती नुसतं तोंड लावतात."

म्हाताऱ्यानं वाकून मूठभर पानं चाचपली. हा माणूस शब्दाचा पक्का होता, पण आजवर कुणापुढे हरलेला जासिरानं पाहिला नव्हता.

"काका, डिझेल जळतंय," ओस्नी ओरडला. "कुठे घालू?"

"माझ्या भागात."

जासिरानं बादली आभाळात भिरकावली आणि अशी किंचाळली की मेंढ्या चौखूर उधळल्या. "जिंकले! ओस्नी, सांग जा वस्तीला, जिंकले मी!" ती नाचली, हसली, रडलीसुद्धा. ट्रॅक्टर धडधडत तारेपलीकडे शिरला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

"बाबा, तुमचे बूट! नांगराखाली जातील!"

"जाऊ देत," म्हातारा पायाची बोटं गवतात रोवत म्हणाला. "मी इथनं हलत नाही आत्ता."