आबांची निळी काठी

गच्चीवर आम्ही दोघी बहिणी पडद्याच्या दांड्यांनी लढलो होतो. आता व्हिडिओत त्या दांड्यांच्या सिनेमातल्यासारख्या उजेडाच्या तलवारी करायच्या, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि प्रत्येक फ्रेममध्ये दांड्यावर उजेड रंगवायचा. ताईचा तांबडा, माझा निळा. तिसऱ्या दिवशी माझा हात झोपेत चालल्यासारखा चालत होता.

“अगं ए, आबांची काठी कशाला रंगवलीस?” ताई खेकसली.

खरंच की! व्हिडिओत आमच्या मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून आजोबा फिरत होते. ऑपरेशननंतर हातात काठी आली, तेव्हापासून ते रस्त्यावर उतरलेच नव्हते. लोक बघतील म्हणून गच्चीतच फेऱ्या घालायचे.

“पुसते,” मी म्हटलं.

“राहू दे.” आबा दारात उभे होते. कॉम्प्युटरवर पांढऱ्याशुभ्र चादरींमधून कुणीतरी निळा उजेड टेकत तरंगत चाललं होतं. त्यांनी ते तीनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते फाटकाबाहेर पडले.

“अहो आबा, हातात काठी आली?” शेजारच्या काकूंनी विचारलंच.

“उन्हात तिचा उजेड दिसत नाही,” आबा म्हणाले आणि पुढे गेले.