शेवटचं कडवं

"तुम्ही सांगा, फादर, नाहीतर मी सांगते," ताई म्हणाली आणि समोरची खुर्ची सोडून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

फादर चष्मा पुसत होते. तो मघाशीच लख्ख झाला होता.

"म्हातारा माणूस आहे. देवाला सगळे आवाज सारखेच."

"देवाला असतील. माझ्या सासूबाईंना नाहीत."

चर्चचा गायकवृंद सासूबाईंनी उभा केला होता. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि डॉक्टरांनी आशा लावायचं सोडून दिलं होतं. रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेचं फोनवर रेकॉर्डिंग करून ते घरोघरच्या आजाऱ्यांना ऐकवायचं, अशी इथली पद्धत. ताई ते सासूबाईंच्या उशाशी लावायची. आणि दर वेळी सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलेला एकच आवाज ऐकू यायचा, तो पेटीवाल्या काकांचा.

काकांनी जन्मभर पेट्या दुरुस्त केल्या, त्यांचे सूर लावले. आणि गायला लागले की बाहेर लावलेल्या सायकलीसुद्धा पळून गेल्या असत्या. पूर्वी ते मागच्या बाकावर गुपचूप बसायचे. गेल्या वर्षी ताई गळ्यातली गाठ काढायला दवाखान्यात गेली आणि परत येऊन बघते तर काका पहिल्या बाकावर, फोनला अगदी खेटून. तेव्हापासून सगळं गीत बेसूर. ताईनं एकटीनं म्हणायच्या शेवटच्या कडव्यातही ते घुसायचे.

"त्यांना पुढे कोणी बसवलं?" ताईनं विचारलं.

"बसले बिचारे," फादर म्हणाले आणि पुन्हा चष्मा काढला.

घरी नणंदेशीही तेच झालं. ती पेटी वाजवायची, तिला तरी कळायला हवं होतं.

"वन्सं, तुमच्या कानात बोळे आहेत का? रोज तालमीत मला एक सूर चुकला तरी खपत नाही, आणि त्यांना तुम्ही सगळे मोकळं सोडता!"

"जाऊ दे ना वहिनी. चहा घेतेस?"

"चहा नको मला. आई काय म्हणतात ठाऊक आहे? 'पेटीवाल्यांनी आज निभावून नेलं.' टोमणा आहे तो. मला मारलेला."

नणंद चहाचं भांडं घासायला लागली. भांडं घासलेलंच होतं.

शेवटी ताई स्वतःच काकांच्या दुकानात गेली. काका एका जुन्या पेटीवर वाकले होते. एक पट्टी दाबायची, कान लावायचा, मान हलवायची, पुन्हा दाबायची.

"काका, या रविवारी गाऊ नका."

काकांनी पट्टीवरचं बोट काढलं नाही. सूर तसाच लांबत राहिला.

"आईंना एकदा तरी स्वच्छ गीत ऐकू दे. पुढचा रविवार त्यांना मिळेल की नाही, सांगता येत नाही. त्यांनी गायकवृंद माझ्या हाती दिला, काका. मी तो बिघडवला, असं वाटून त्या जायला नकोत."

काकांनी पट्टीवरचं बोट आता उचललं.

"बरं बाळ. पण एक ऐकशील? शेवटचं कडवं सगळ्यांनी मिळून म्हणा. भरल्यासारखं वाटेल."

"ते एकटीनंच म्हणायचं असतं. पेटीसुद्धा थांबते तेव्हा. आई म्हणायच्या, आता मी म्हणते."

"तुझी मर्जी," काका म्हणाले आणि भात्यातली हवा सोडून दिली.

रविवारी काका पहिल्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून, ओठ घट्ट मिटून बसले. नणंदेनं पेटी जरा जास्तच जोरात वाजवली. शेवटच्या कडव्याला तर चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. ताईचा ऊर भरून आला.

प्रार्थना संपल्यावर ती कोणाशी बोलायला थांबली नाही. फोन पदरात धरून जवळजवळ पळतच घरी आली.

"आई, ऐका. आज नुसता गायकवृंद आहे."

सासूबाईंनी उशीवर मान वळवली. ताईनं फोन त्यांच्या कानाशी ठेवला.

पहिलं कडवं सुरू झालं आणि ताईच्या कपाळाला आठी पडली. एक आवाज होता. प्रत्येक सुराच्या जरा खालीच टेकणारा, वर चढायला निघून मध्येच बसणारा.

"काका? नाही, मी बघत होते त्यांच्याकडे." ती उठली, पुन्हा बसली. "मागच्या रांगेतली शिंपीण असणार. तिला सर्दी झालीय, बोलले होते मी."

"बंद कर गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "छान झालं. पोचलं मला."

"नाही आई, असं अर्धवट नाही. आता माझं कडवं येईल, ते तरी स्वच्छ ऐका."

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

फोनमधली पेटी थांबली. एकेक करून सगळे थांबले. तो एक आवाज तेवढा पुढे चालू राहिला.