नेपाळात चार वाजले

"नेपाळकडनं चारला वीज सोडणार म्हणता, पण चार कुणाच्या घड्याळात?" तारा ओढणाऱ्या गँगचा स्वयंपाक करणाऱ्या सोनाक्कानं साहेबापुढं चहा आदळला.

"चार म्हणजे चार, आक्का."

"अवो, तिकडचे मजूर रोज आपल्याआधी पाव तास चहा मागत्यात. त्यांचं घड्याळ पुढं पळतंय. मला अक्षर येत न्हाई, तुम्हास्नी चहाची येळबी कळंना?"

साहेब पांढराफटक पडला. त्याच्या मनगटावर तीन चाळीस झाले होते. म्हणजे नेपाळात तीन पंचावन्न. पाचच मिनिटं उरली होती. तो पलीकडं फोन लावत राहिला, पण लागेना. आणि सरहद्दीवरच्या शेवटच्या टॉवरच्या टोकाला, उघड्या तारेला हात घालून भैरू बसला होता. सोनाक्काचा एकुलता एक लेक.

ती धावत सुटली. "उतर रं मुडद्या!" ओरडून घसा फाटला, पण वाऱ्यात काही पोचेना. त्यानं वरून नुसता हात झटकला. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. आई अजून भांडतेय असंच त्याला वाटलं असणार.

मग तिनं पदर खोचला आणि टॉवरवर चढायला लागली. साठीची बाई, अनवाणी. एक पुरुष उंच चढली, दोन पुरुष उंच चढली.

"आये, मरशील! थांब!" भैरू सगळं टाकून सरसर खाली आला.

तो तिच्याजवळ पोचतो तोच वर तारांत वीज आली नि त्या घुमू लागल्या. फाटक्या घशानं तिनं त्याला एक शिवी हासडली. पण भीतीनं लोखंडाला घट्ट आवळलेली तिची बोटं सोडवायला दोन माणसं लागली.