झिजलेलं लोह

पोलीस भरतीच्या मैदानात शेवटच्या वळणावर वैजयंता गुडघ्यांवर बसली आणि तिथेच आडवी झाली. वयाच्या अटीमुळे ही तिची अखेरची संधी होती.

थोरला भाऊ सोपान तिला पहाटे-संध्याकाळ पळवत असे. अलीकडे तिचा वेग घटू लागला, तशा त्याने फेऱ्या वाढवल्या. धाप लागते म्हटलं की तो खेकसायचा, "जरा मनावर घे!"

इस्पितळात रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून त्याला दाखवली. ती आतून पांढरीफटक होती.

"रोज एवढं पळलं की शरीरातलं लोह झिजतं. ते खाण्यातून भरून काढावं लागतं. ही काय खात होती?"

"भाकरी-चटणी."

"मग जितकं पळवलंत, तितकी ती आतून रिकामी होत गेली."

"गोळ्यांनी भरून येईल ना?"

"येईल. पण काही महिने जातील."

तोवर वय उलटून जाणार होतं. सोपान खाटेपाशी मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. वैजयंताने कसाबसा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"रडू नको, दादा," ती म्हणाली. "मला तर वाटत होतं, माझ्यातच जिद्द नाही."